गेम लावला की ग्राफिक्स कार्ड तापतं? आधी कॉम्प्युटरचं कॅबिनेट तपासा

गेम सुरू केला की थोड्याच वेळात ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा भाग) ८५ अंशांवर, पंख्यांचा घोंगाट आणि फ्रेम अडखळणं. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलली, मागचा पंखाही बदलला, काडीचा फरक नाही. एप्रिलच्या पुण्यात जीव अगदी मेटाकुटीला आला.

मग गेम चालू ठेवून कॅबिनेटची, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीची, पुढची काच काढली. तापमान ७४ वर उतरलं. आत हवा यायलाच वाट नव्हती! ही चाचणी फुकट आहे, खर्च करण्याआधी कराच.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, पुढच्या बाजूला जाळी असलेलं साधं कॅबिनेट आणलं. जाण्यापूर्वी कार्डची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची मिलिमीटरमध्ये मोजून घेतली. स्वस्त कॅबिनेटमध्ये नेमकी तिथेच जागा कमी पडते. रंगीत दिव्यांसाठी जास्त पैसे देऊ नका.

आधी पुढे १२० मिमीचे दोन पंखे हवा आत घेणारे बसवले, मग मागे एक बाहेर टाकणारा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या पट्ट्या दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते. पंखे तीन पिनचे होते, म्हणून बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) त्या हेडरचा, म्हणजे मदरबोर्डवर पंख्याची वायर लागते त्या जागेचा, मोड पीडब्ल्यूएमवरून (वेग सिग्नलने ठरतो) डीसी (वेग व्होल्टेजने ठरतो) केला, नाहीतर ते सतत पूर्ण वेगाने फिरतात. कॅबिनेट पूर्ण बंद करून पुन्हा तोच गेम लावला: तापमान ७२.