जंतांची गोळी दिली, पुढे काय?

आधी गुळाला निर्दोष सोडा. कोल्हापूरसारख्या गुऱ्हाळांच्या मुलखातही ‘गूळ खाल्ला म्हणून जंत झाले’ असं आजी ठामपणे सांगते. गुळानं जंत होत नाहीत. जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी मातीत पडतात, काही आठवड्यांत तयार होतात आणि मळक्या हातांवरून नाहीतर न धुतलेल्या भाजीवरून पोटात जातात. आकडेकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरतात आणि मोठे झालेले कृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. म्हणून पोर पांढुरकं दिसतं, लवकर दमतं. रात्री दात खाण्यावरून मात्र काही ठरत नाही.

पहिलं काम शाळेतल्या गोळीचं. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल, म्हणजे जंतांची गोळी, फुकट मिळते. साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये हा दिवस असतो, नेमकी तारीख गुरुजींना विचारा. दोन वर्षांपुढच्या मुलाला ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. तीन वर्षांपर्यंत चुरून पाण्यात. त्यापुढच्या मुलांनी चावूनच खायची. ‘आमच्या पोराला काही त्रास नाही’ म्हणून टाळू नका, थोडे जंत असले तर त्रास दिसतच नाही. त्या दिवशी ताप असेल तर थांबा, राहिलेल्या मुलांसाठी नंतर पुन्हा वाटप होतं. गोळीनंतर थोडं मळमळलं, पोटात दुखलं तर बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं.

रात्री ढुंगणाला खाज सुटत असेल तर ते बहुधा सूतकृमी. मूल झोपल्यावर बॅटरी लावून बघा, पांढरे धाग्यासारखे दिसतात. इथे एकट्या मुलाला औषध देऊन भागत नाही. खाजवताना अंडी नखात जातात, तिथून अंथरुणात आणि भावंडांकडे. डॉक्टरांना विचारून सगळ्या घरानं एकाच दिवशी औषध घ्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा. नखं बारीक कापा, सकाळी उठल्याबरोबर अंघोळ घाला, चड्डी रोज बदला, चादरी गरम पाण्यात धुवा.

चपलांसाठी नावाजलेल्या गावाची पोरं उसाच्या सरीत अनवाणी फिरतात, याला काय म्हणावं! पायात चप्पल हवीच, विशेषतः पंचगंगेचा पूर ओसरल्यावरच्या चिखलात. शी शौचालयातच. दुपारच्या खिचडीआधी हात साबणानं, नुसत्या पाण्यानं नव्हे. शाळेच्या नळाशी साबण आहे का, हे पालकसभेत विचाराच. मेथी, कोथिंबीर, मुळा वाहत्या पाण्याखाली धुवा.

जुलाब रेंगाळत असतील, आव पडत असेल तर शौचाची तपासणी करून घ्या. जिआर्डिया किंवा अमिबा हे डोळ्यांना न दिसणारे परजीवी या एका गोळीनं जात नाहीत. आणि उलटीतून जंत पडले, पोट फुगलं, शी-वारा बंद झाला तर घरी गोळी देत बसू नका. जंतांच्या गुंत्यानं आतडं अडलेलं असू शकतं. तडक कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.