‘उलटतपासणी’ लिहिताना या चुका टाळा

‘पोलिसांनी संशयिताची तासन्‌तास उलटतपासणी केली.’ अशी वाक्यं बातम्यांत सर्रास दिसतात आणि ती चूक आहेत. पोलीस चौकशी करतात, जबाब नोंदवतात. उलटतपासणी होते ती शपथेवर साक्ष देणाऱ्याची, आणि ती घेतो विरुद्ध पक्ष. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 142 मध्ये या टप्प्यांच्या व्याख्या आहेत: साक्षीदार ज्याने बोलावला त्याचे प्रश्न म्हणजे सरतपासणी, मग समोरच्याची उलटतपासणी, आणि गरज पडलीच तर पहिल्या बाजूची फेरतपासणी. 1872 च्या कायद्यात हे कलम 137 होतं. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू झाला. कोर्टाच्या आवारात ‘सरतपास’, ‘उलटतपास’ म्हणतात, तेही चालेल.

पोलिसांपुढच्या जबाबाला ‘साक्ष’ म्हणू नका आणि ‘साक्षीदाराने जबाबावर सही केली’ असं तर बिलकूल लिहू नका. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. ‘कबुलीजबाब’ ही आणखी वेगळी गोष्ट. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही.

आरोपीच्या बाबतीत हमखास घसरगुंडी होते. सरकारी पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला त्या पुराव्याबद्दल प्रश्न विचारतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 351). तिथे शपथ नसते, त्यामुळे उलटतपासणीही नसते. आरोपीने स्वतः लेखी विनंती करून बचावाचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं राहायचं ठरवलं, तरच सरकारी वकील त्याची उलटतपासणी घेऊ शकतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक साक्षीचा कागद वाचताना होते. मराठी साक्षीत उलटतपासणीच्या शेवटी अशी वाक्यं असतात: ‘मी घटनास्थळी हजर नव्हतो, हे म्हणणे खरे नाही. मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ यातला पहिला भाग वकिलाने घातलेली सूचना, म्हणजे साक्षीदारापुढे ठेवलेलं वकिलाचं म्हणणं असतं, साक्षीदाराचे शब्द नव्हेत. तेवढाच तुकडा उचलून ‘मी हजर नव्हतो, साक्षीदाराचा खुलासा’ असा मथळा दिला की अर्थ पार उलटा होतो. साक्षीदाराने नाकारलेली सूचना हा पुरावा नसतो. वाक्य शेवटच्या क्रियापदापर्यंत वाचा, मग अवतरण घ्या.

‘सरकारी वकिलांनी आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतली’ हे वाक्य मात्र चूक समजून खोडू नका. साक्षीदार फितूर झाला तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 157 खाली कोर्टाच्या परवानगीने त्याला बोलावणारी बाजूच उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू शकते. सूचक, म्हणजे हवं ते उत्तर सुचवणारे प्रश्नही मग चालतात. एरवी समोरच्याने हरकत घेतली तर सरतपासणीत ते कोर्टाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाहीत. परवानगीचा उल्लेख बातमीत असू द्या, नाहीतर वाचक गोंधळतो.

फेरतपासणी म्हणजे सगळं पहिल्यापासून पुन्हा विचारणं नव्हे. उलटतपासणीत निघालेल्या मुद्द्यांचा खुलासा एवढंच तिचं काम. कोर्टाच्या परवानगीने नवा मुद्दा आलाच, तर त्यावर पुन्हा उलटतपासणीचा हक्क मिळतो. हिशेबाची किंवा यादीची होते ती पडताळणी. तिथे ‘उलटतपासणी’ शोभत नाही. घरी उशिरा आल्यावर आई घेते ती उलटतपासणी गमतीची, तिला कलम लागत नाही.

दिवाणी दाव्यात सरतपासणी बहुधा शपथपत्रावरच दाखल होते. म्हणून ‘वादीने सरतपासणीत न्यायाधीशांना सांगितले’ लिहिण्याआधी ते तोंडी होतं की कागदावर, हे पाहा.

आणि हा शब्द फक्त कोर्टाचा आहे असंही नाही. विभागीय चौकशीत खात्याची बाजू मांडणाऱ्या सादरकर्ता अधिकाऱ्याने आणलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी अपचारी (म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो) कर्मचारी किंवा त्याचा बचाव सहायक घेतो. तिथे ‘चौकशी’ हे सगळ्या प्रक्रियेचं नाव, उलटतपासणी हा तिच्यातला एक टप्पा. ती संधी नाकारली असेल, तर बातमीत ‘चौकशी झाली नाही’ असं न लिहिता ‘उलटतपासणीची संधी दिली नाही’ असं लिहा. पुढचं अपील बहुतेक वेळा याच मुद्द्यावर लढलं जातं.