विकास आराखड्यातल्या (डीपी) रस्त्यात जमीन जातेय? ताबा पावतीवर सही करण्याआधी या चुका टाळा

पालिकेची माणसं येतात, कंपाउंडच्या आत फक्कीची रेघ ओढतात आणि "इथपर्यंत रस्त्यात जातंय" सांगून निघून जातात. घर हादरतं. महागात पडणाऱ्या चुका नेमक्या त्याच आठवड्यात होतात.

आराखड्यात रस्ता दाखवला म्हणजे जमीन पालिकेची झाली, हा पहिला गैरसमज. ते फक्त आरक्षण असतं. मालकी तुमचीच राहते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 126 जमीन घेण्याचे तीन मार्ग सांगतं: वाटाघाटीने पैसे देऊन, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जादा बांधकामाची मुभा) देऊन, नाहीतर शासनामार्फत सक्तीचं भूसंपादन करून. फुकट घेण्याचा मार्ग त्यात नाही.

पण लोक तो स्वतःच मोकळा करून देतात. ताबा पावतीचा छापील कागद पुढे येतो, "साहेब, टीडीआर नंतर मिळेलच" असं सांगितलं जातं आणि सही होते. तो कागद सावकाश वाचा. 'स्वखुशीने', 'विनामोबदला' हे शब्द एखाद्या लांबलचक वाक्याच्या पोटात दडलेले असतात. ते खोडायला लावा. किती चौरस मीटर आणि कशाच्या बदल्यात, हे त्याच कागदावर लिहून घ्या. ते तयार नसतील तर सही करू नका. तोंडी कबुलीला काही अर्थ नाही.

सही न करता, संपादन न होता जमीन आधीच गेली असेल तरी हातपाय गाळू नका. हिमाचल प्रदेशात 1967-68 मध्ये एका निरक्षर विधवेची जमीन रस्त्यासाठी अशीच घेतली होती. तिची तोंडी संमती होती, असं सरकारचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ते फेटाळून मोबदला द्यायला लावला. पन्नास वर्षं गेली तिची. म्हणून तक्रार आजच लेखी द्या.

फक्कीच्या रेघेवर विसंबू नका, भूमिअभिलेख खात्याची मोजणी मागा. चाळीस मीटर लांबीच्या हद्दीवर रेघ अर्धा मीटर आत सरकली, तर वीस चौरस मीटर जागा जाते.

सक्तीचं संपादन झालं आणि रक्कम कमी वाटली, तर पैसे घेताना 'हरकत राखून स्वीकारले' असं लिहूनच घ्या. विरोध न नोंदवता रक्कम घेतली, तर 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 77 नुसार वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या (मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या) वेळी हजर असाल, तर त्या अर्जाला मुदत फक्त 6 आठवड्यांची.

आणि आरक्षण वर्षानुवर्षं नुसतंच पडून असेल तर? अंतिम आराखडा लागू होऊन 10 वर्षं उलटली की नगररचना अधिनियमाच्या कलम 127 ची नोटीस पालिकेला देता येते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची खरी पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. नुसता ठराव करणं किंवा प्रस्ताव पाठवणं हे पाऊल धरलं जात नाही. नोटिशीला मालकीची कागदपत्रं जोडा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.