नवतपा लागण्याआधी: डीप फ्रीझर, दुधाचा कूलर आणि दुकानातला एसी

डीप फ्रीझर बंद पडतो मे महिन्यात, पण त्याचं कारण बहुतेक वेळा दिवाळीपासून त्याच्या जाळीत साठत आलेलं असतं. आमचा विदर्भातला दर्यापूर-अंजनगाव-मूर्तिजापूरचा पट्टा कापसाचा. आधी सोयाबीनच्या मळणीचं कुटार उडतं, मग जिनिंग सुरू झालं की रुईचे तंतू. दिवसभर हवा ओढणारा पंखा हे सगळं कंडेन्सरच्या जाळीत नेऊन बसवतो. थंडीत यंत्र तसंच रेटून चालतं, कोणाला काही कळत नाही. मग नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस जवळ येतात, पारा ४५ वर जातो आणि फोन येतो, "भाऊ, मशीन चालून राह्यली, पण थंडच नाही होऊन राह्यली. गॅस मारून द्या."

गॅस मारायला मी लगेच निघत नाही. का, ते खाली येईलच. आधी कामाची वेळ सांगतो. कापसाचा जोर ओसरल्यावर आणि ऊन तापण्याआधी, म्हणजे महाशिवरात्र ते होळी या दिवसांत वर्षाची मोठी सर्व्हिस करून घ्या. आइस्क्रीमचं दुकान असो, दुधाचं संकलन केंद्र असो की कोल्ड्रिंकचा फ्रीज ठेवलेला पानठेला, सगळ्यांना हेच लागू.

जाळी

यंत्र आतली उष्णता उचलतं आणि बाहेर फेकतं, एवढंच त्याचं काम. फेकण्याची जागा म्हणजे कंडेन्सर. बाहेरची हवाच ४५ अंश असेल तर आतल्या वायूला त्याहून दहा-पंधरा अंश जास्त तापावं लागतं, तेव्हा कुठे उष्णता बाहेर पडते. आर-२२ या जुन्या गॅसवर चालणाऱ्या यंत्रात कंडेन्सर ४० अंशांवर असताना दाब सुमारे २०८ पीएसआय असतो, तो ५५ अंशांवर ३०० पीएसआयच्या घरात जातो. हे झालं स्वच्छ जाळीचं. त्यावर रुईची गोधडी पांघरली तर दाब आणखी चढतो, कॉम्प्रेसर (वायू दाबणारी मोटर) जास्त करंट ओढतो, ओव्हरलोड म्हणजे तापल्यावर वीज तोडणारा स्विच त्याला बंद करतो. तो निवला की पुन्हा चालू होतो, पुन्हा तापतो. काही आठवडे हे असंच चाललं की मोटरच्या तारांचं वाइंडिंग जळतं.

साफ करताना प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण आपल्याकडच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले बोर्ड भरपूर सापडतात. मऊ ब्रश जाळीच्या पातळ पत्र्यांच्या दिशेने वरून खाली फिरवा. आडवा फिरवला की पत्रे वाकतात आणि हवेची वाटच बंद होते. ब्लोअरची हवा पंखा ज्या दिशेने ओढतो त्याच्या उलट दिशेने मारा, म्हणजे रुई ज्या बाजूने आत शिरली त्याच बाजूने बाहेर येईल. समोरून मारलीत तर ती आणखी खोल जाते. हाताखालची पोरं इथेच घाई करतात. वरून जाळी चकाचक दिसते, पण मागून टॉर्च धरला तर उजेड पार येत नाही. आरपार उजेड दिसेपर्यंत काम झालं असं मी मानत नाही.

तेलकट किंवा स्वयंपाकाच्या धुराने चिकट झालेली जाळी पाण्याने धुवावी लागते. मोटर आणि टर्मिनल बॉक्स प्लास्टिकने बांधा, पाण्याचा जोर कमी ठेवा, सौम्य कॉइल क्लीनर वापरा. ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा अजिबात नको, ॲल्युमिनियमचे पत्रे खाऊन टाकतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट, जी कंपनीच्या पुस्तकात मिळणार नाही: बोअरच्या पाण्याने जाळी धुऊ नका. ते वाळलं की पत्र्यांवर पांढरी खार राहते, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तीच खार ॲल्युमिनियम कुरतडते. शहानूर धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर ते वापरा, नाहीतर पावसाचं साठवलेलं. बर्फाच्या कारखान्यात पाण्याचा कंडेन्सर असतो, तिथे ही खार नळ्यांवर थर धरते. म्हणून टाकीतलं थोडं पाणी सतत सोडत राहावं लागतं आणि ताजं घ्यावं लागतं. पाणी वाचवायला हे सोडणं बंद केलं तर त्याचे पैसे वीजबिलातून जातात.

पुष्कळ डीप फ्रीझरना जाळी दिसतच नाही. त्यांची गरम नळी बाहेरच्या पत्र्याच्या आत फिरवलेली असते, म्हणून अंग गरम लागतं. ते गरम लागलंच पाहिजे. अशा फ्रीझरच्या चारी बाजूंना एक वीत मोकळी जागा सोडा. त्यावर बॅनर गुंडाळू नका, खोकी टेकवू नका, आणि चिप्सच्या लडी लटकवायला त्याच्या अंगात स्क्रू तर मुळीच मारू नका. एक स्क्रू आतल्या नळीत गेला की तो फ्रीझर दुरुस्त होणं फार अवघड.

व्होल्टेज आणि अर्थिंग

आमच्या भागात कॉम्प्रेसर मारणारं दुसरं कारण म्हणजे लाईन. व्होल्टेज नुसतं प्लगवर मोजून भागत नाही. मीटरच्या पिना कॉम्प्रेसरच्या टोकाशी लावा आणि यंत्र सुरू होताना बघा. बंद असताना २२० दाखवणारा मीटर सुरू होताना १७० वर कोसळत असेल तर दोष बहुधा वायरीत आहे: बारीक केबल, सैल जोड, काळा पडलेला प्लग. अशा वेळी नुसता स्टॅबिलायझर बसवून जमत नाही, आधी जोड घट्ट करा आणि केबल बदला. स्टॅबिलायझर घ्यालच तर लाईन आल्यावर किमान तीन मिनिटं थांबून सुरू करणारा घ्या. वायूचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी झटका दिला तर कॉम्प्रेसर नुसता हूंऽ करत गुरगुरतो आणि तापतो.

तीन फेजच्या यंत्राला सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच. एक फेज गेली आणि मोटर दोनवर चालत राहिली तर वाइंडिंग बघता बघता काळं पडतं. गावात डीपी (ट्रान्सफॉर्मर) बदलली की फेजचा क्रम उलटू शकतो, मग तीन फेजचा पंखा उलटा फिरतो. फिरताना तो दिसतो बरोबरच, पण हवा भलत्या बाजूला जाते. स्क्रोल कॉम्प्रेसर असेल तर तो उलटा फिरून मोठा आवाज करतो आणि दाबच तयार होत नाही. डीपीचं काम झालं की पहिल्यांदा यंत्र लावताना जाळीसमोर कागद धरून हवेची दिशा बघा. उलटी असेल तर कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करायची.

अर्थिंगचं आपल्या काळ्या मातीत वेगळंच दुखणं आहे. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती अर्थिंगच्या सळईपासून सुटते, आणि ज्या दिवसांत यंत्र सगळ्यात जास्त राबतं त्याच दिवसांत अर्थिंग कामाचं राहत नाही. मार्चपासून त्या खड्ड्यात आठवड्यातून एकदोनदा पाणी टाका. ओल्या फरशीवर उभं राहून, अनवाणी, लोखंडी फ्रीझरचं झाकण उघडणारी लहान पोरं मी रोज बघतो. या कामात आळस करू नका, हात जोडून सांगतो.

गॅस

गॅस वापरून संपत नाही. बंद नळीत तो वर्षानुवर्षं तेवढाच फिरतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळाला. गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे तुमचे पैसे हवेत सोडणं, आणि असं काम करणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणत नाही.

गळतीच्या जागी वायूबरोबर तेल येतं, तेलावर धूळ बसते. म्हणून आधी डोळ्यांनी तेलकट काळे डाग शोधा: फ्लेअर नट, व्हॉल्व्हची टोपी, नळी पत्र्याला घासते ती जागा. मग साबणाचा फेस. तरी सापडली नाही तर नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायचं. सिलिंडरला रेग्युलेटर हवाच, आणि दाब नेमप्लेटवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

गळती बुजवली की ओल शोषणारा ड्रायर नवा, मग व्हॅक्यूम पंप. मीटरवर ५०० मायक्रॉनपर्यंत उतरवा आणि पंप बंद करून ते टिकतं का पाहा. नळीत ओल राहिली तर कॅपिलरी या अगदी बारीक नळीच्या तोंडाशी बर्फ होऊन वाट अडते. आर-१३४ए आणि आर-४०४ए बरोबरचं तेल हवेतली ओल फार लवकर शोषतं, म्हणून डबा उघडा ठेवायचा नाही.

कोणता गॅस, किती ग्रॅम, हे नेमप्लेटवर लिहिलेलं असतं. तेवढाच, तोच, आणि काट्यावर मोजून. आर-२२ मॉन्ट्रियल कराराप्रमाणे भारतात २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बाद होतोय, म्हणून काही जण जुन्या यंत्रात हाताला येईल तो वायू मिसळतात. त्याने कॉम्प्रेसरच जातो. नव्या डीप फ्रीझरमध्ये आर-२९० दिसला तर सावध व्हा. तो प्रोपेन आहे, जळतो, हवेपेक्षा जड असल्याने खाली फरशीलगत साठतो. दारं उघडा, शेजारची गॅस शेगडी आणि उदबत्ती विझवा, नळीतला सगळा वायू बाहेर मोकळ्या हवेत काढून नायट्रोजन फिरवल्याशिवाय नळी जोडायचा गॅसचा टॉर्च पेटवू नका. हे शिकलं नसेल तर त्या यंत्राला हात लावू नका, शिकलेल्या माणसाला बोलवा.

बर्फ

आत बर्फ साचला की लोक सुरी घेतात. फ्रीझरच्या भिंतीमागे लगेच नळी असते, एक टोचा आणि सगळा गॅस बाहेर. सामान दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवा, यंत्र बंद करा, आत कोमट पाण्याचं घमेलं ठेवा. बोटाच्या पेराएवढा थर जमण्याआधीच हे करत जा. बर्फ कुठे आहे यावरूनही रोग कळतो. आतल्या थंड कॉइलच्या सुरुवातीच्या तोंडाशीच बर्फ आणि पुढे कोरडं, तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. पूर्ण कॉइल बर्फाने भरली असेल तर पंखा, डिफ्रॉस्ट किंवा दाराचं रबर बघा. रबरात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट सहज ओढली गेली तर तिथून हवा आत जाते.

आइस्क्रीमला उणे १८ अंश, औषधाच्या दुकानातल्या इन्सुलिनला २ ते ८. इन्सुलिन गोठलं तरी वाया जातं, म्हणून थर्मोस्टॅट पूर्ण पिळून ठेवणं हा त्यावर उपाय नाही. आत एक साधा थर्मामीटर ठेवा.

दुधाचा कूलर

बल्क कूलरवर गावातल्या शंभर घरांचा पगार उभा असतो, म्हणून इथे मी सगळ्यात जास्त कडक आहे. कोमट दूध ४ अंशांवर साडेतीन तासांच्या आसपास आलं पाहिजे. केंद्राच्या सचिवांनी एक वही ठेवावी. त्यात दूध ओतल्याची वेळ, ४ अंश झाल्याची वेळ, बाहेरचं तापमान, आणि क्लॅम्प मीटरने मोजलेला करंट. फेब्रुवारीत स्वच्छ जाळीवरचा आकडा हाताशी असला की एप्रिलमध्ये तेवढ्याच दुधाला तासभर जास्त लागू लागल्याचं लगेच लक्षात येतं. काही वाढ उन्हाची असते, पण शेजारी करंटही चढत असेल तर आधी जाळी बघा.

ढवळणारा पंखा बंद असताना कूलिंग चालू ठेवू नका, तळाचं दूध गोठतं आणि वरचं कोमट राहतं. टाकी धुताना कॉम्प्रेसर बंद करा. पहिलं पाणी साधं किंवा कोमट, उकळतं नाही, कारण उकळत्या पाण्याने दुधातली प्रथिनं पत्र्यावर शिजून चिकटतात आणि पुढे दगडासारखा थर होतो. त्यानंतर डेअरीचं धुण्याचं द्रावण, मग स्वच्छ पाणी. सेन्सरची जागा आणि निचऱ्याचा व्हॉल्व्ह खोलून ब्रशने घासा, नासाडी तिथूनच सुरू होते.

एसी

बँकेतला, दवाखान्यातला, लग्नाच्या हॉलमधला एसी: आतला फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवा, बाहेरची जाळी वर सांगितल्याप्रमाणे. निचऱ्याच्या पाइपमध्ये शेवाळ आणि मुंगळ्यांची घरं होतात, फुंकून मोकळा करा. बाहेरचं युनिट टिनाच्या छपराखाली कोंडू नका, त्याची गरम हवा त्यालाच परत मिळते. कॅपॅसिटर फुगलेला दिसला तर बदला, पण हात लावण्याआधी रेझिस्टरने त्याचा चार्ज उतरवा.

फोन करताना

मेकॅनिकला फोन करण्याआधी पाच गोष्टी बघून ठेवा, म्हणजे तो योग्य सामान घेऊन निघेल आणि चाळीस किलोमीटरचा हेलपाटा वाचेल. नेमप्लेटचा फोटो. बाहेरचा पंखा फिरतो का. कॉम्प्रेसर सतत चालतो, थांबून थांबून चालतो, की नुसता गुरगुरतो. प्लगवर व्होल्टेज किती. आणि बर्फ आहे का, असला तर कॉइलच्या कोणत्या टोकाला.