स्टिअरिंगचे पार्ट शोधायला निघण्याआधी: जुन्या गाडीसाठी तयारीची यादी

दुकानात जाऊन 'पद्मिनीचा टाय रॉड एंड द्या' (म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा) म्हटलं की एक डबी समोर येते. ती घरी आणून लावायला गेलं की पिन भोकात बसते, पण नट पूर्ण आवळूनही दांडी किंचित डुलते. दुकानदाराने फसवलेलं नसतं. आपणच त्याला गाडीचं नाव सांगितलेलं असतं आणि माप सांगितलेलं नसतं. त्यामुळे यादीतली पहिली वस्तू वही. तिच्यासोबत दीडशे मिलिमीटरचा व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी), आटे मोजायच्या दोन गेज (एक मेट्रिक, एक इंची), पांढरा पेंट, तारेचा ब्रश, गंज सोडवायचं तेल आणि झिपच्या पिशव्या. एवढं हाताशी नसेल तर गाडी खोलायला घेऊ नका.

खोलण्याआधी खराब काय झालंय ते नक्की करा, कारण स्टिअरिंग ढिलं लागतंय म्हणून बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं दांड्यांकडे नेणारी गिअरची पेटी) बदलणारे पुष्कळ आणि त्यातले बरेच वाया गेलेले. या तपासणीला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीला टेकलेली, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खालून एकेका सांध्यावर बोट धरायचं. सांध्यातली खटखट डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळते. मग पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका) आणि चाक वर-खाली धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) लागला तर किंगपिन (चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन), चाकाचं बेअरिंग किंवा सस्पेंशनचा बॉल जॉइंट बघायचा. डावी-उजवीकडे धरून खेळ लागला तर टाय रॉड, आयडलर आर्म (बॉक्सच्या समोरच्या बाजूने मधली दांडी धरणारा आर्म) किंवा बॉक्स. स्टिअरिंग जड असेल तर नव्या पार्टाच्या मागे लागण्याआधी किंगपिनला ग्रीस जातंय का ते पाहा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ग्रीस भरायचं निप्पलच बुजलेलं असतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ९८ वा नियम स्टिअरिंगला जास्तीत जास्त ३० अंशांचा ढिलेपणा चालवून घेतो. चाळीस सेंटीमीटरच्या स्टिअरिंगवर म्हणजे कडेला जवळजवळ साडेदहा सेंटीमीटर. पासिंगपुरतं ते ठीक, चोर्ला घाटात नाही. बॉक्सच्या गाडीत कडेला दोन-अडीच सेंटीमीटरच्या वर गेलं की कामाला लागावं. त्याच नियमात सांध्यांवर रबरी टोपी असावी आणि बोल्ट-पिना लॉक केलेल्या असाव्यात असंही आहे. गोव्यात ही टोपीच सगळ्यात आधी जाते. पावसाळ्यात आत पाणी, उन्हाळ्यात डिचोली-सांग्याकडची तांबडी धूळ. ग्रीसमध्ये मिसळली की ती पॉलिश पेपरसारखं काम करते. टोपी फाटली पण सांधा अजून घट्ट आहे, अशा वेळी जुनं ग्रीस पुसून नवं भरा आणि फक्त टोपी बदला.

पुढचं काम गाडी ओळखणं, आणि त्यासाठी आरसी बुकावर विसंबू नका. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात आलेल्या परदेशी गाड्यांच्या कागदांवरचं साल आणि कारखान्यातलं साल एकच असेल असं नाही. चासी नंबर आणि गाडीवरची पट्टी, दोन्हींचे फोटो घ्या. फोक्सवॅगन बीटलचा चासी नंबर मागच्या सीटखाली बोगद्यावर (तळाच्या मधल्या उंचवट्यावर) कोरलेला असतो. १९६५ च्या मॉडेलपासूनच्या नऊ आकडी नंबरात तिसरा आकडा मॉडेलचं साल सांगतो, आणि ते मॉडेल वर्ष आदल्या ऑगस्टपासून धरलेलं असतं. हे महत्त्वाचं, कारण ऑगस्ट १९६५ च्या सुमारास पुढच्या अॅक्सलला किंगपिनऐवजी बॉल जॉइंट आले आणि टाय रॉडही बदलले. फियाट अकराशे आणि तिच्या वंशातली पद्मिनी वर्म-रोलर (आटेदार दांडा आणि त्यावर फिरणारं चाक) बॉक्सच्या गाड्या. अॅम्बेसेडर, मॉरिस मायनर आणि स्टँडर्ड हेराल्ड रॅकच्या, म्हणजे बॉक्सऐवजी दातांची सरळ पट्टी असलेल्या. डाव्या स्टिअरिंगची गाडी असेल तर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. टाय रॉड एंड बहुधा दोन्हींना चालतो, बॉक्स आणि रॅक चालत नाही. जर्मनीतला विक्रेता तुम्ही काही बोलला नाहीत तर डाव्याचाच पाठवणार.

आता मापं, इथे घाई नको. टाय रॉड एंडची पिन निमुळती असते, आणि निमुळतेपणाची दोन मापं वारंवार भेटतात: एकास दहा आणि एकास आठ. पिनवर वीस मिलिमीटर अंतरावर दोन खुणा करा आणि दोन्ही ठिकाणचा व्यास मोजा. फरक दोन मिलिमीटर आला तर एकास दहा, अडीच आला तर एकास आठ. जर्मन-इटालियन गाड्यांत बहुधा पहिलं आणि विलीस वंशाच्या जीपमध्ये दुसरं मिळतं. इंग्लिश गाडीत काहीच गृहीत धरू नका. चुकीची पिन भोकाच्या एकाच कडेला टेकते, नट आवळल्यावर घट्ट वाटते, आणि काही शे किलोमीटरनंतर भोकच अंडाकार करून टाकते. मग एंडबरोबर ते भोक ज्यात असतं तो स्टिअरिंग आर्मही शोधावा लागतो, आणि तो मिळणं फार कठीण. म्हणून नवा एंड आल्यावर पिनला मार्किंग ब्लूचा (खूण उमटवायच्या निळ्या रंगाचा) पातळ थर लावून भोकात दाबा, किंचित फिरवा, बाहेर काढा. निळा रंग भोकात सगळीकडे सारखा उमटला पाहिजे. एका टोकाला पट्टा उमटला तर परत करा. एंडला बाहेरून बुश घालून 'मारुतीचा बसवून देतो' म्हणणारा मेस्त्री भेटेलच. त्याला नमस्कार करून पुढे जा.

आट्यांची गोष्ट याहून फसवी. अर्ध्या इंचाच्या यूएनएफ (बारीक इंची आट्याच्या) बोल्टला इंचाला २० आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर. बारा मिलिमीटरच्या बारीक आट्याच्या बोल्टला १.२५. अंतर जवळजवळ सारखं असल्यामुळे इंची नट मेट्रिक बोल्टवर सुरळीत फिरतो, पण व्यासात ०.७ मिलिमीटरचा फरक असल्याने तो आट्यांच्या टोकांवरच धरून राहतो आणि आवळताना किंवा त्याहून वाईट म्हणजे चालत्या गाडीत सुटतो. फियाटचे नट-बोल्ट मेट्रिक, हेराल्डचे इंची. ज्या गॅरेजमध्ये दोन्ही गाड्या येतात तिथे नटांचा डबा एकच असतो हे ध्यानात ठेवा. गेज लावूनच लिहा, आणि सोबत सुलटा आटा की उलटा तेही. टाय रॉडच्या दोन टोकांना बहुधा विरुद्ध आटे असतात, त्यामुळे दांडी फिरवून लांबी बदलता येते. दीड मिलिमीटर आट्याची दांडी एक फेरा फिरली की लांबी तीन मिलिमीटरने बदलते. म्हणून काढण्याआधी उघडे आटे मोजा, बॉलच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या बॉलच्या मध्यापर्यंत लांबी घ्या, फोटो काढा आणि एंड उतरवताना फेरे मोजा. एंडची मान सरळ आहे की वाकडी, तेही.

ड्रॉप आर्म (बॉक्सच्या शाफ्टवरचा, दांड्या हलवणारा आर्म) काढायचा असेल तर आर्मवर आणि शाफ्टवर एकाच रेषेत पंचाची खूण करा. एक दात सरकला तरी स्टिअरिंग वाकडं राहतं आणि एका बाजूला चाक कमी वळतं. शाफ्टच्या टोकाच्या दातांवर कागद दाबून वरून पेन्सिल घासा. दात कागदावर उतरतात, सावकाश मोजता येतात आणि दुकानदाराला फोनवर फोटो पाठवता येतो.

बॉक्स शोधायच्या आधी बॉक्सशी थोडं बोला. वरच्या अॅडजस्टिंग स्क्रूने ढिलेपणा कमी होतो, पण झीज नेहमी मधल्या भागात होते, कारण गाडी आयुष्यभर सरळच चालते. चाकं सरळ ठेवूनच आवळा, मग दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा. टोकाला जड झालं तर आतला वर्म किंवा रोलर गेला आहे, आणखी आवळून उपयोग नाही. बॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल असायला हवं. गळतं म्हणून कुणी तरी ग्रीस ठासलेलं असतंच; ग्रीस वर्मपासून बाजूला ढकललं जातं आणि पुन्हा परत येत नाही. आधी ते काढा, ऑइल सील बदला, ऑइल भरून आठवडाभर चालवा. बऱ्याचदा शोध तिथेच संपतो. रॅकच्या गाडीत दोन टोकांच्या रबरी घड्या फाटल्या का आणि रॅकला धरणारे रबरी बुश तेलाने फुगले का ते पाहा. हेराल्डमध्ये बुश फुगले की अख्खा रॅक सरकतो आणि लोक टाय रॉड बदलत बसतात. हेराल्डच्याच खालच्या ट्रनियनला (चाक वळताना फिरणाऱ्या आटेदार सांध्याला) ग्रीस नाही, गिअर ऑइल द्यायचं असतं, आणि डाव्या-उजव्याचे आटे वेगळे. जोडी मागताना बाजू सांगा.

किती मागवायचं? ड्रॉप आर्म, आयडलर, मधली दांडी आणि दोन बाजूच्या दांड्या अशा रचनेत सहा सांधे. सगळे एकदम नकोत, पण एका दांडीचे दोन्ही एंड एकत्र बदला. आयडलरचा बुश एक, जास्तीच्या रबरी टोप्या दोन, नवे कॅसल (खाचांचे) नट आणि त्यांना लॉक करायच्या स्प्लिट पिना डझनभर. जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत घालायची नाही.

शोध जवळून सुरू करा. म्हापसा, मडगाव, फोंड्याची जुनी स्पेअर पार्टची दुकानं. मग मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर, पुण्यात नाना पेठ. मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, टॅक्सीवर उभी असलेली मागणी गेली, त्यामुळे पद्मिनीचं जे लागेल ते आत्ताच घेऊन ठेवा. अॅम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती; तिच्यासाठी कोलकात्याचा मलिक बाजार. चेन्नईचं पुदुपेट आणि दिल्लीचं काश्मिरी गेट फोनवरून, पण मापाचा कागद पाठवल्याशिवाय पैसे पाठवू नका. मॉरिस मायनर आणि हेराल्डचं सामान इंग्लंडमध्ये नवं बनतं. बीटल तर मेक्सिकोत २००३ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचे एंड मिळणं अवघड नाही. अडचण फक्त सालाची. मुंबईहून रात्रीच्या बसने पार्सल सकाळी पोचतं. चतुर्थीला गाडी रस्त्यावर हवी असेल तर मे महिन्यातच मागवा.

जुन्या साठ्यातला न वापरलेला पार्ट सगळ्यात चांगला, पण त्याची टोपी दगड झालेली आणि आतलं ग्रीस मेणासारखं असणार. दोन्ही बदला. नवा एंड हातात घेऊन पिन सगळीकडे फिरवा. सारखा अडसर लागला पाहिजे, कुठे खटका नको. घडीव पार्टवर जोडाची रेघ रुंद आणि घासलेली दिसते, ओतीव पार्टवर बारीक आणि धारदार. स्टिअरिंगच्या आर्मसाठी ओतीव घेऊ नका. मोडीतला आर्म घेतला तर डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाने) तडा तपासा. तीन डब्यांचा संच वेल्डिंगचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो.

काही मिळालंच नाही, तर काय बनवून घ्यायचं याची रेघ आधीच ठरवा. किंगपिनचे आणि आयडलरचे ब्राँझ बुश बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगले वळवून मिळतात. बुश दाबून बसवल्यावर भोक आवळतं, म्हणून शेवटचं रीमिंग (भोक मापाला आणणं) बसवल्यानंतरच. बॉल जॉइंट, ड्रॉप आर्म, टाय रॉड यांना मात्र वेल्डिंग, गॅसची आच किंवा तापवून सरळ करणं नाही. कुणीही कितीही खात्री दिली तरी.

जुना एंड काढताना आट्याच्या टोकावर हातोडा मारू नका. नट दोन आट्यांवर राहू द्या आणि आर्मच्या डोळ्याला दोन बाजूंनी एकाच वेळी दोन हातोड्यांनी ठोका, किंवा पुलर वापरा. बसवताना पिनचं भोक नटाच्या खाचेशी जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे सोडायचा नाही. त्यानंतर लगेच अलाइनमेंट, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा दोन माणसं, सपाट जागा, प्रत्येक सांध्यावर बोट.