विणकामाची पिशवी: चेन गेली, नाडी आली

मावशी विणायला बसली की लोकर पिशवीच्या चेनमध्ये अडकायची. चेनचे दाते धागा नुसता पकडत नाहीत, त्याचा पीळ सोडवून तंतू ओढतात, आणि मऊ मेरिनो (मेंढीची बारीक लोकर) असेल तर तिथं धागा कायमचा पिंजलेला राहतो. चेनच्या आतून पट्टी लावून पाहिली. पट्टीच अडकायला लागली. मग चेन काढून टाकली आणि वर नेफा शिवून दोन्ही बाजूंनी नाडी ओवली. दोन नाड्या, विरुद्ध टोकांनी बाहेर. एकाच वेळी ओढल्या की तोंड घट्ट मिटतं. विणताना थोडं उघडं ठेवलं की धागा सरळ येतो.

बाहेरून खण हवा हा मावशीचा हट्ट. दिसतो सुरेख, पण कापला की कडेचे धागे सुटतात, शिवाय टोकदार सुया त्यातून सहज बाहेर येतात. म्हणून कापण्याआधी मागून चिकटणारं बकरम इस्त्रीनं लावलं. अस्तराला घट्ट विणीचं ड्रिल कापड घेतलं. जरीचा काठ आत अजिबात येऊ दिला नाही, लोकर त्यालाही धरते.

तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत 5 सेंमीचे चौकोन कापून शिवले, की साधारण 10 सेंमी रुंदीचा तळ मिळतो आणि लोकरीचा गुंडा आत फिरतो.

कापड, बकरम, नाडी सगळं पुण्याच्या रविवार पेठेत मिळालं. शनिवारी संध्याकाळी मात्र तिकडं जाऊ नका.

बारीक दुटोकी सुया अजूनही ड्रिल भेदतात. त्यांच्या टोकांना खोडरबराचे तुकडे.