अंगठीचं माप घेताना या चुका टाळा

साखरपुड्याच्या खरेदीत हाराचं वजन, घडणावळ, हॉलमार्क यांवर तास-तासभर चर्चा चालते. अंगठीचं माप मात्र "बारा नंबर लिहा हो" म्हणून अर्ध्या मिनिटात उरकतं. मग ऐन कार्यक्रमात ती अंगठी बोटाच्या सांध्यावर अडते आणि सगळे पाहुणे बघत असताना होणारा नवरा घामाघूम होतो.

सगळ्यात महागात पडते ती आकड्यांची गफलत. आपल्याकडचा नंबर म्हणजे अंगठीच्या आतल्या परिघाच्या मिलिमीटरमधून साधारण ४० वजा केलेला आकडा. बारा नंबरचा आतला परीघ ५२ मिमीच्या आसपास, म्हणजे व्यास १६.५ मिमी. अमेरिकेत याच अंगठीला ६ म्हणतात, ब्रिटनमध्ये तर आकडे नसून अक्षरं आहेत. मुलगा न्यू जर्सीत आणि अंगठी पुण्यात घडवायची, असं आता अनेक घरांत असतं. तो तिकडच्या दुकानात माप देऊन "नऊ" असं कळवतो आणि आई इथे नऊ नंबरची ऑर्डर देऊन मोकळी होते. अमेरिकेतल्या नऊचा व्यास जवळजवळ १९ मिमी, आपल्या नऊचा १५.६. ही अंगठी त्याच्या करंगळीत गेली तरी खूप. त्याला हवा असतो आपला १९ किंवा २० नंबर.

म्हणून माझं सांगणं असं, की नंबर बोलूच नका. आतला परीघ मिलिमीटरमध्ये सांगा आणि ऑर्डरच्या पावतीवर तोच लिहून घ्या. इथल्या इथेसुद्धा दोन दुकानांच्या मापाच्या दांड्यांत एखाद्या नंबराचा फरक निघतो. मिलिमीटर सगळीकडे सारखाच.

घरी माप घेताना

दोरा वापरू नका. तो ताणला जातो, बोटात रुततो आणि मोजताना पुन्हा आखडतो. तीन-चार मिमी रुंदीची कागदाची पट्टी घ्या, ती बोटाच्या मुळाशी गुंडाळा आणि जिथे एक टोक दुसऱ्यावर येतं तिथे टोकदार पेन्सिलीने बारीक रेघ मारा. पट्टी सैल न सोडता, पण न आवळता. मग ती सरळ करून फूटपट्टीवर ठेवा. इथे बरेच जण चुकतात: फूटपट्टीच्या कडेपासून मोजतात, शून्याच्या रेघेपासून नाही. शाळेतल्या कंपासपेटीतल्या पट्टीला शून्याच्या आधी चार-पाच मिमी कोरी जागा असते. तेवढ्या चुकीत अंगठी चार-पाच नंबरांनी बदलते, कारण परिघातला एक मिमी म्हणजे एक नंबर.

जुन्या अंगठीवरून माप काढणाऱ्यांची चूक वेगळी. ते आतला व्यास पट्टीने मोजतात. एका नंबरामागे व्यास वाढतो जेमतेम ०.३ मिमी, आणि पट्टीवरची सगळ्यात बारीक खूण एक मिमीची. म्हणजे एका खुणेच्या पोटात तीन नंबर बसतात, त्यातला कोणता ते डोळ्यांना कळणार कसं? त्यापेक्षा कागदाची पट्टी अंगठीच्या आतून गोल फिरवा, ती कडेला नीट टेकू द्या, खूण करा आणि परीघ मोजा. त्याहून सोपं म्हणजे अंगठीच घेऊन सोनाराकडे जा, तो निमुळत्या दांड्यावर सरकवून लगेच सांगेल.

बायकोला किंवा होणाऱ्या बायकोला नकळत अंगठी घ्यायची असेल, तर तिच्या डब्यातली अंगठी उचलण्याआधी ती कोणत्या बोटात घालते ते बघून ठेवा. मधल्या बोटातली अंगठी अनामिकेसाठी मोजली की सगळं मुसळ केरात. आणि ज्या हाताने आपण काम करतो त्या हाताची बोटं बहुधा किंचित जाड असतात, त्यामुळे उजव्याचं माप डाव्याला चालवू नका.

मोबाइलच्या पडद्यावर अंगठी ठेवून नंबर सांगणारी ॲप बरी असतात, पण आधी पडद्यावरची आकृती एटीएम कार्डाशी ताडून घ्या. कार्डाची लांबी ८५.६ मिमी असते. छापील तक्त्याचंही तेच: प्रिंटर "कागदावर बसवा" म्हणत आकृती थोडी लहान करतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

बोट दिवसभर सारखं नसतं

थंडीत बोटं आकसतात, उन्हाळ्यात फुगतात. मार्गशीर्षातल्या सकाळी माप दिलं आणि लग्न नागपूरच्या वैशाखात असलं, तर काय होईल ते सांगायला नको. जिममधून आल्याआल्या, थंड पाण्यात भांडी घासून झाल्यावर किंवा आदल्या रात्री पापड-लोणच्यावर ताव मारला असेल तर माप घेऊ नका. लांबच्या विमानप्रवासानंतर एक दिवस जाऊ द्या. संध्याकाळी, हात नेहमीसारखा कोमट असताना मोजा, पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजा. गरोदरपणात तर मापाची अंगठी घडवायलाच जाऊ नये, बाळंतपणानंतर बघावं.

काहींच्या बोटाचा सांधा मुळापेक्षा बराच जाड असतो. मुळाचं माप दिलं तर अंगठी आत जात नाही आणि सांध्याचं दिलं तर ती बोटात गरगर फिरते. अशा वेळी दोन्ही मोजा आणि मधलं माप सांगा. अंगठी सांध्यावरून जाताना थोडी अडली पाहिजे आणि काढताना जरा पिळून काढावी लागली पाहिजे. हात झटकून पडत असेल तर मोठी, काढल्यावर खोल वळ दिसत असेल तर लहान.

रुंदीचाही विचार करा. दुकानातल्या मापाच्या कड्या बारीक असतात. जोडप्यांसाठीच्या सहा-आठ मिमी रुंद अंगठ्या त्याच नंबरात घट्ट वाटतात, कारण त्या बोटाचा मोठा भाग व्यापतात. त्यांना एक-दोन नंबर वर जा. उलट मोठ्या खड्याची अंगठी डोकं जड असल्याने बाजूला कलंडते, ती जरा बेताचीच घ्यावी.

राशीच्या खड्याची अंगठी करणाऱ्यांनी आधी गुरुजींना बोट विचारावं. पुष्कराज तर्जनीत, नीलम मधल्या बोटात, माणिक अनामिकेत, पाचू करंगळीत अशी रीत आहे. सवयीने अनामिकेचं माप देऊन मग तर्जनीत बसवायची धडपड करणारे खूप भेटतात.

माप चुकलंच तर

साधी सोन्याची अंगठी लहान-मोठी करता येते. कडं कापायचं, तुकडा काढायचा किंवा घालायचा आणि झाळायचं. दोन-तीन नंबरांपर्यंत काही बिघडत नाही, त्याहून जास्त ताणलं तर खड्याची बैठक वाकडी होते. पण ज्या अंगठीला सगळ्या बाजूंनी खडे आहेत, किंवा जी टंगस्टनची आहे, ती तशीच राहते. मोती, पोवळं आणि पाचू यांना झाळताना लागणारी आच सोसत नाही, म्हणून खडा आधी काढायला सांगा. मीनाकाम असेल तर तेही उडतं. आतल्या बाजूला कोरलेला हॉलमार्कचा सहा अक्षरी ओळख क्रमांक (एचयूआयडी) जिथे आहे तिथून कापू देऊ नका. अंगठी परत आल्यावर तो नीट वाचता येतो का ते बघा आणि बीआयएस केअर ॲपवर टाकून पडताळा. देताना वजन करून चिठ्ठी घ्या. चार ग्रॅमच्या साध्या कड्यात एका नंबरामागे ७०-८० मिलिग्रॅम सोनं कमी-जास्त होतं, त्यामुळे लहान केलेल्या अंगठीचं उरलेलं सोनं मागायचा तुम्हाला हक्क आहे. लाजू नका.

सैल अंगठीला खालून दोरा गुंडाळायची आपल्या घराघरांतली पद्धत चार दिवसांपुरती ठीक. तो दोरा साबण आणि पाणी धरून ठेवतो आणि त्याखालची कातडी पांढरी पडून सोलते. त्याऐवजी सोनाराकडून आतल्या बाजूला दोन बारीक मणी झाळून घ्या, अंगठी फिरायची थांबते. गुरुपुष्यामृताला घेतलेल्या वेढण्याला हा त्रास नाही, ते बोटाप्रमाणे आवळता-सैल करता येतं.

अडकलेली अंगठी ओढू नका, ओढाताणीत सांधा आणखी सुजतो. हात काही वेळ डोक्याच्या वर धरा, थंड पाण्यात बुडवा, तेल किंवा साबण लावा. तरी निघाली नाही तर बारीक गुळगुळीत दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून तळहाताकडे ओढून घ्या, उरलेला दोरा अंगठीला लागून सांध्याच्या पलीकडेपर्यंत बोटावर एकाला एक चिकटून गुंडाळा आणि मग तळहाताकडचं टोक बोटाच्या शेंड्याच्या दिशेने उलगडत जा. दोरा सुटेल तशी अंगठी पुढे सरकते. बोट बधिर किंवा निळसर दिसू लागलं तर हे प्रयोग सोडा आणि थेट दवाखाना गाठा. सोन्याची अंगठी ते कापून काढतील आणि कापलेली अंगठी पुन्हा जोडता येते.